वर्ल्ड ट्रेड सेंटरचा जिना

आजचा भाग एका जिन्याबद्दल आहे. पण आधी आमच्या ऑफिसातल्या जिन्याबद्दल थोडं सांगतो, कारण विषय तिथूनच डोक्यात आला.

एप्रिलमधली गोष्ट. १४ ते २० एप्रिल आपल्याकडे अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली, मग त्याचा स्फोट झाला, आणि ती आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. तर त्या आठवड्यात आमच्याकडे फायर ड्रिल ठेवलं होतं. भोंगा वाजला. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने आधी चहा संपवला. मी लॅपटॉप लॉक केला, चार्जर काढला, बॅग भरली. मग गप्पा मारत सात मजले उतरलो. खाली अग्निशमन दलाचे एक वयस्कर अधिकारी घड्याळ बघत उभे होते. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते रागावले वगैरे नाहीत. एवढंच विचारलं, “उतरताना जिन्यात दिवे होते ना?” आम्ही म्हटलं, होते की. ते म्हणाले, “ते सगळ्यात आधी जातात.”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि त्या रात्री जे वाचायला काढलं, ते अजून पुरतं संपलेलं नाही.

न्यूयॉर्कचं वर्ल्ड ट्रेड सेंटर म्हटलं की आपल्याला ११ सप्टेंबर २००१ आठवतो. टीव्हीवर ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलेली आपली पिढी. पण त्या इमारतींतून माणसं बाहेर कशी पडली, ही गोष्ट सुरू होते साडेआठ वर्षं आधी. शुक्रवार, २६ फेब्रुवारी १९९३. दुपारचे बारा वाजून गेलेले, जेवायची वेळ. उत्तरेकडच्या टॉवरखाली, तळघरातल्या पार्किंगमध्ये भाड्याच्या एका व्हॅनमध्ये ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. सहा माणसं गेली, त्यातली एक बाई गरोदर होती. हजाराहून जास्त जखमी झाले.

टॉवर काही पडला नाही. पण वीज गेली. लाउडस्पीकर बंद पडले. तळघरातला धूर जिन्यांमधून वर चढायला लागला, चिमणीतून चढावा तसा. आता डोळ्यांसमोर आणा : ११० मजल्यांची इमारत, जिन्यात काळाकुट्ट अंधार, धूर, आणि काय झालंय, वर जायचं की खाली, हे सांगायला कोणी नाही. लोक भिंत चाचपत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरले. शाळेच्या सहलीला आलेली लहान मुलं लिफ्टमध्ये कित्येक तास अडकून पडली. पूर्ण इमारत रिकामी व्हायला चार तासांहून जास्त वेळ लागला. काहीजण वर गच्चीवर गेले आणि त्यांना पोलिसांच्या हेलिकॉप्टरने उचललं. हे गच्चीचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्रश्न असा, की एवढ्या मोठ्या इमारतीला जिने होते तरी किती? तीन. प्रत्येक टॉवरला फक्त तीन. न्यूयॉर्कच्या १९३८ च्या जुन्या बांधकाम नियमांप्रमाणे बांधलं असतं, तर जिने दुप्पट, म्हणजे सहा करावे लागले असते. पण १९६८ मध्ये नवे नियम येत होते आणि त्यांत जिन्यांची अट बरीच सैल केली होती. कारण अगदी साधं. जिन्याचं भाडं येत नाही. जिन्याची जागा वाचली की तेवढं ऑफिस जास्त. आपल्याकडे कुणा बिल्डरला विचारून बघा, वेगळं उत्तर मिळणार नाही. त्या तीनपैकी दोन जिने ४४ इंच रुंद, म्हणजे चार फूटही नाहीत, आणि एक ५६ इंचांचा. आणि तिन्ही इमारतीच्या मधल्या गाभ्यात, एकमेकांच्या जवळ.

१९९३ नंतर नवे जिने काढणं शक्य नव्हतं. मग इमारतीची मालक असलेल्या पोर्ट अथॉरिटीने जे करता येईल ते केलं. दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. जिन्यांमध्ये बॅटरीवर चालणारे दिवे बसवले. पायऱ्यांच्या कडांना आणि कठड्यांना अंधारात चमकणारा रंग दिला. मजल्यामजल्यावर फायर वॉर्डन नेमले, म्हणजे ऑफिसातलीच माणसं, त्यांना टॉर्च आणि शिट्टी दिली. दर सहा महिन्यांनी ड्रिल सुरू केलं.

त्या ड्रिलमध्ये लोक कॉरिडॉरमध्ये जमायचे, सूचना ऐकायचे आणि परत जागेवर जायचे. बहुतेक वेळा प्रत्यक्ष जिन्यात कोणी शिरायचंच नाही! (हे वाचताना मला आमचा चहा आठवला.) गच्चीची दारं कुलूपबंद असतात आणि वरून सुटका होणार नाही, हेही बहुतेकांना कोणी सांगितलं नव्हतं. लोकांच्या लक्षात राहिलं होतं ते १९९३ चं हेलिकॉप्टर.

एक माणूस मात्र ड्रिल फार मनावर घ्यायचा. रिक रेस्कोर्ला. जन्म इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा, व्हिएतनाममध्ये लढलेला, आणि आता मॉर्गन स्टॅनली या बँकेचा सुरक्षाप्रमुख. बँकेची ऑफिसं दक्षिणेकडच्या टॉवरमध्ये होती, बरेच मजले. तळघरातल्या पार्किंगमधून हल्ला होऊ शकतो, हे त्याने १९९३ च्या स्फोटाआधीच सांगून ठेवलं होतं. स्फोटानंतर त्याने ठरवलं की आपली माणसं खरोखर जिना उतरणार. नुसतं कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं नाही, दोघादोघांच्या रांगेने पायऱ्या उतरायच्या. मोठमोठे सौदे करणाऱ्या लोकांना फोन ठेवायला लावून हा गृहस्थ जिन्यात उभं करायचा. किती शिव्या खाल्ल्या असतील, कल्पना करा.

मग ११ सप्टेंबर. सकाळी ८:४६ ला पहिलं विमान उत्तर टॉवरच्या ९३ ते ९९ या मजल्यांत घुसलं. तिन्ही जिने तुटले. कारण तेच, तिन्ही जवळजवळ. ९१ व्या मजल्याच्या वर असलेलं कोणीही वाचलं नाही. काहीजण गच्चीकडे गेले. दारं बंद होती.

दक्षिण टॉवरमध्ये लोक खिडकीतून हे बघत होते आणि उतरायला लागले होते. तेवढ्यात लाउडस्पीकरवर घोषणा झाली, की ही इमारत सुरक्षित आहे, आपापल्या जागी परत जा. ही घोषणा करणाऱ्याला आज दोष देणं सोपं आहे. आग शेजारच्या इमारतीत, वरून काच-लोखंड पडतंय, अशा वेळी लोकांना आत ठेवा, असंच कुठलंही पुस्तक सांगेल. काही लोक अर्ध्या वाटेवरून परत वर गेले. रेस्कोर्लाने घोषणा मानली नाही. हातात भोंगा घेऊन त्याने आपली माणसं जिन्यात घातली. ९:०३ ला दुसरं विमान आलं तेव्हा त्यातली बरीचशी खाली पोचत होती. त्याच्या सुमारे २,७०० सहकाऱ्यांपैकी १३ जण गेले. त्यातला एक तो स्वतः. शेवटचं पाहणाऱ्यांनी त्याला दहाव्या मजल्यावर पाहिलं. तो वर चालला होता, मागे राहिलेल्यांना बघायला.

दक्षिण टॉवरमध्ये एक जिना वाचला, ‘ए’ नावाचा. लिफ्टच्या यंत्रांच्या खोल्यांना वळसा घालायचा म्हणून त्या मजल्यांवर तो जरा बाजूला सरकवलेला होता. केवळ त्यामुळे. विमान लागलं त्या मजल्यांवरून आणि त्यांच्या वरून १८ माणसं त्या जिन्याने बाहेर पडली. त्यातला एकजण ८४ व्या मजल्यावरचा फायर वॉर्डन. टॉर्च आणि शिट्टी जवळ असलेला. काही मजले उतरल्यावर खालून एक बाई चढत आली. म्हणाली, खाली जाता येणार नाही, धूर आहे, वर चला. जिन्यातच वाद सुरू झाला. तेवढ्यात ८१ व्या मजल्यावरून भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला, कोणीतरी अडकलं होतं. हा टॉर्च घेऊन तिकडे वळला. त्या माणसाला ओढून बाहेर काढलं, परत जिन्यात आला, तोवर बाकीचे वर निघून गेले होते. हे दोघं खाली गेले आणि वाचले. वर गेलेले परत आले नाहीत.

आता आकडा सांगतो. अमेरिकन सरकारच्या तांत्रिक तपासणीनुसार पहिलं विमान आदळलं तेव्हा दोन्ही टॉवर मिळून सुमारे १७,४०० माणसं होती. त्या दिवशी शहरात प्राथमिक निवडणुकीचं मतदान होतं, वेळही सकाळची, म्हणून इमारती निम्म्याही भरलेल्या नव्हत्या. विमान लागलं त्याच्या खालच्या मजल्यांवरची जवळजवळ ९९ टक्के माणसं बाहेर पडली. त्याच अहवालात असंही म्हटलंय, की इमारती पूर्ण भरलेल्या असत्या तर त्याच जिन्यांमध्ये सुमारे १४,००० माणसं गेली असती.

इथे मी अडकलो. कारण हे वाचलेले लोक बहुतांशी स्वतःच्या पायांनी उतरले होते. एकमेकांना धरून. दिवे चालू होते, पायऱ्यांच्या कडा चमकत होत्या, आणि १९९३ ची आठवण होती. आग विझवली असं काही झालंच नाही. उत्तर टॉवरच्या लॉबीत आलेल्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच ओळखलं, की ही आग आपल्याच्याने विझणार नाही. आता फक्त माणसं काढायची. मग त्या दिवशी गेलेल्या अग्निशमन दलाच्या ३४३ जणांनी नेमकं काय केलं? प्रश्न कडू आहे. पण कृतज्ञता म्हणायची, तर कशाबद्दल, हे माहीत असायला हवं. नाहीतर ते पोस्टर होतं.

त्यांनी काय केलं तर, ते चढले. बहुतेक लिफ्ट बंद. अंगावर जाड कोट, हवेचं नळकांडं, होसचं भेंडोळं, अवजारं, सगळं मिळून पंचवीस-तीस किलोच्या आसपास. एका मजल्याला दीड-दोन मिनिटं. चार फुटांहून कमी रुंदीचा जिना, एका बाजूने हजारो लोक उतरताहेत, दुसऱ्या बाजूने हे वर. उतरणाऱ्यांनी नंतर सांगितलंय, की यांचे चेहरे लाल झाले होते, दर काही मजल्यांनंतर ते बसून दम घेत होते, लोक त्यांना पाण्याच्या बाटल्या देत होते, पाठीवर हात ठेवत होते. ज्यांना चालता येत नव्हतं, ज्यांची व्हीलचेअर होती, जे लिफ्टमध्ये अडकले होते, जे भाजले होते, त्यांच्यासाठी ते चढत होते. उरलेल्यांनी स्वतःच उतरायचं होतं. पण वर चढणारी माणसं समोर दिसली की खाली उतरणाऱ्यांना धीर येतो, गोंधळ होत नाही. हे कुठल्या तक्त्यात मोजता येत नाही, पण जिन्यातून आलेल्यांपैकी कित्येकांनी ते सांगून ठेवलंय.

लॉबीत सर्वात आधी पोचलेले बटालियन चीफ जोसेफ फायफर. थोड्या वेळाने त्यांचा धाकटा भाऊ केविन, तोही अग्निशमन दलात लेफ्टनंट, आपली तुकडी घेऊन आला. दोघांचं दोन शब्द बोलणं झालं. मोठ्याने धाकट्याला वर पाठवलं. त्याचं कामच ते होतं. केविन परत आला नाही.

दक्षिण टॉवरमध्ये ओरिओ पामर नावाचे चीफ होते. मॅरेथॉन पळणारे, अंगाने काटक. त्यांनी एक लिफ्ट चालू केली, चाळिसाव्या मजल्याच्या आसपास पोचले आणि तिथून जिन्याने ७८ व्या मजल्यावर, म्हणजे विमान घुसलं तिथपर्यंत गेले. ९:५२ ला त्यांनी रेडिओवर कळवलं, की आगीचे दोन वेगवेगळे भाग दिसताहेत, दोन होस असले तर आटोक्यात येतील, आणि इथे खूप माणसं मेलेली आहेत. आवाजात घाई नाही. ९:५९ ला टॉवर कोसळला.

त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला, याचीही एक गोष्ट आहे. १९९३ ला जवानांचे रेडिओ उंच इमारतीत चालले नव्हते, म्हणून नंतर तिथे आवाज वाढवून पुढे पाठवणारं एक यंत्र बसवलं. २००१ च्या सकाळी त्या यंत्राचं एक बटण दाबलं गेलं, दुसरं राहिलं. उत्तर टॉवरच्या लॉबीतल्या अधिकाऱ्यांना वाटलं यंत्र बंद आहे, त्यांनी ते सोडून दिलं. दक्षिण टॉवरमध्ये ते वापरलं आणि चाललं. परिणाम काय? ९:५९ ला शेजारचा टॉवर पडला तेव्हा उत्तर टॉवरमधल्या कित्येक जवानांना नेमकं काय झालं हे कळलंच नाही. बाहेर पडा, असा आदेश दिला गेला, पण तो सगळ्यांपर्यंत पोचला नाही. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून सगळं दिसत होतं. पण पोलिसांचा रेडिओ वेगळा, अग्निशमन दलाचा वेगळा. १०:२८ ला उत्तर टॉवरही कोसळला.

३४३ जणांबरोबर पोर्ट अथॉरिटीचे ३७ आणि न्यूयॉर्क पोलिसांचे २३ असे पोलीसही गेले. त्यांना शूरवीर म्हणणं बरोबरच आहे. पण त्यातले काही एका बटणामुळे आणि दोन खात्यांच्या न जुळणाऱ्या रेडिओंमुळे गेले असतील, हे म्हटलं की लोकांना आवडत नाही. मला वाटतं ते म्हटलं पाहिजे. नाहीतर शौर्याची शाल घालून आपण हलगर्जीपणा झाकतो.

आणि पुढे काय झालं ते बघा. जे वाचले ते महिनोन्‌महिने त्या ढिगाऱ्यावर खणत राहिले. हवा श्वास घ्यायला ठीक आहे, असं आठवड्याभरातच सरकारतर्फे सांगण्यात आलं. हवेत सिमेंटची धूळ, काच, ॲस्बेस्टॉस. मग खोकला, मग फुप्फुसांचे आजार, मग कॅन्सर. त्यांच्या उपचाराचा कायदा, झाड्रोगा कायदा, यायला २०१० चा डिसेंबर उजाडला. भरपाईचा निधी संपत आला तेव्हा जून २०१९ मध्ये लुइस अल्वारेझ हा निवृत्त पोलीस डिटेक्टिव्ह संसदेच्या समितीसमोर साक्षीला बसला. दुसऱ्या दिवशी त्याची ६९ वी केमोथेरपी होती. त्याच महिन्याच्या २९ तारखेला तो गेला, आणि महिन्याने निधी वाढवणाऱ्या कायद्यावर सही झाली. सप्टेंबर २०२३ पर्यंत त्या धुळीच्या आजारांनी गेलेल्या अग्निशमन दलाच्या लोकांची संख्या ३४३ झाली. त्या एका सकाळी गेले तितकेच. नंतर ती त्याही पुढे गेली.

जिन्याचं मात्र काहीतरी झालं. न्यूयॉर्कने २००४ मध्ये कायदा करून उंच ऑफिस इमारतींच्या जिन्यांना चमकणाऱ्या खुणा सक्तीच्या केल्या. पुढे अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या बांधकाम नियमांत ४२० फुटांहून उंच ऑफिस इमारतींना एक जादा जिना सांगितला गेला. जिन्याचं भाडं येत नाही, पण निदान कागदावर तरी तो वाढला.

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. उत्तर टॉवर. चायनाटाउनच्या ‘लॅडर ६’ या तुकडीचा कॅप्टन जे जोनस आपल्या पाच माणसांना घेऊन २७ व्या मजल्यापर्यंत चढला होता. इमारत हादरली, दुसरा टॉवर गेल्याचं कळलं. तो म्हणाला, आता खाली. उतरताना जिन्यात एक बाई भेटली. वय साठीच्या जवळ, पोर्ट अथॉरिटीच्या हिशेबखात्यात काम करणारी, ७३ व्या मजल्यावरून उतरत आलेली. पाय चालेना. त्यांनी तिला आधार दिला. मागून येणारे पुढे निघून जात होते आणि हे एकेक पायरी. जोनसला कळत होतं की वेळ जातोय. त्याने नंतर ते मोकळेपणाने सांगितलंय. चौथ्या मजल्यावर तिने मान टाकली. आता नाही चालवत, मला सोडा, तुम्ही जा. ते काही गेले नाहीत. तिला बसवायला खुर्ची शोधत होते, तेवढ्यात इमारत कोसळली.

‘बी’ जिन्याचा जो तुकडा उभा राहिला, त्यातच हे होते. लॅडर ६ चे सहाही जण, ती बाई, आणखी काहीजण. खाली लॉबीत असते तर संपले असते. थोडे वर असते तरी संपले असते. काही तासांनी वरून सूर्यप्रकाश आला तेव्हा त्यांना कळलं, की आपल्या डोक्यावर इमारत नाही.

आपण म्हणू त्यांनी तिला वाचवलं. ते म्हणायचे, तिने आम्हाला वाचवलं. तिच्यासाठी त्यांनी एक जॅकेट करून घेतलं होतं, त्यावर तिला आपली रक्षणकर्ती देवदूत म्हटलं होतं. २०११ च्या जानेवारीत ती गेली. तिची शवपेटी उचलायला लॅडर ६ ची माणसं आली होती.